पाणी तांबूस, लिहून घ्या

किसनराव, तुमचा कावळा लगेच शिवला.

काल सकाळी वाघोलीला तुमच्या दहाव्याला आले होते. शनिवार पेठेतून निघून दीड तास लागला, त्यातला तासभर नगर रस्त्यावर एका जागी उभं राहण्यात गेला. कसली तरी पाइपलाइन टाकायला रस्ता खणलाय. गाडीची काच खाली करून वाकून बघितलं. वर भराव, मग काळी माती, खाली पिवळट मुरूम. तुम्ही शेजारी असतात तर म्हणाला असतात, "दहाव्याला निघालोय म्याडम, आज तरी खड्डं नका बघू."

घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरकलो. कावळा अडून बसला की लोक एकेक करून आश्वासनं देतात, तुमच्या पोरीला बघू, घर बघू, काळजी करू नका. मी मनाशी ठरवून आले होते. कावळा अडला तर पुढे व्हायचं आणि चौदा वर्षं जे बोलले नाही ते बोलून टाकायचं. पण पिंड ठेवून गुरुजी नीट उभेसुद्धा राहिले नव्हते, तोवर दोन कावळे हजर. लोक म्हणाले, "तृप्त माणूस, काहीच मागं ठेवलं न्हाई." मला तिथेच रडू फुटलं. तुमचं काही राहिलं नव्हतं हो. राहिलं होतं ते सगळं माझ्याकडे.

मग भाषणं झाली. दहाव्याला माइक नसेल तर तो दहावा कसला! गावातल्या एका पुढाऱ्यानं तुमच्यावर बरंच चांगलं सांगितलं. कष्टाळू, निर्व्यसनी, शब्दाला पक्का. आणि मग म्हणाला, "आता एका पुलाच्या कामात किसनतात्यांकडून चूक झाली, समद्यांला माहीत हाय. पण चूक कुणाकडनं होत न्हाई? माणूस सोन्यासारखा व्हता." लोकांनी माना हलवल्या. तुमची लेक रेखा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मान खाली घातली.

"आता तात्यांच्या म्याडम दोन शब्द बोलतील."

माइक हातात घेतला. किसनराव, मी बैठकांमध्ये भल्याभल्यांना गप्प केलंय, तुम्ही पाहिलंय. काल मी म्हणाले, "किसनराव फार प्रामाणिक होते. त्यांच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही." आणि बसले. बरोबर दोन वाक्यं. दोन शब्द बोला म्हणाले, मी दोनच बोलले. ती चूक तुमची नव्हती, माझी होती, हे तिसरं वाक्य बोललेच नाही.

म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या इंजिनिअर मंडळींच्या संघटनेचं मासिक निघतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्यावर डबा ठेवून जेवायचात. संपादकांना मीच फोन केला होता, तुमच्यावर लिहू का म्हणून. ते म्हणाले, जरूर, एक पान देतो. जन्म, शिक्षण, कार्य, पश्चात परिवार. "शिक्षण किती होतं त्यांचं?" मी म्हटलं, सातवी. "मग शिक्षण गाळा," म्हणाले. मी बाकीचंही गाळते आहे. तुमचा जन्म कधी झाला ते तुम्हालाच नक्की माहीत नव्हतं.

पण वाचणारे सगळेच आपल्या धंद्यातले नसतील, म्हणून एवढं सांगते. पूल, पाण्याची टाकी, रस्ता, काहीही उभं करायचं असलं की आधी खालची जमीन तपासावी लागते. यंत्रानं जमिनीत मनगटाएवढं भोक पाडायचं, खालचा दगड कांडीसारखा सलग बाहेर काढायचा, त्याला आम्ही गाभा म्हणतो. तो लाकडी पेटीत खोलीप्रमाणे ओळीनं मांडायचा. मग किती मीटरवर काय लागलं त्याचा अहवाल द्यायचा, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून दुसरे लोक पाया घालतात. भोक तुम्ही पाडायचं. सही मी करायची.

पहिल्यांदा भेटलो ते खडकीला. मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते, नवे बूट, कोरी वही. तुम्ही यंत्राच्या दांड्यावर तळहात ठेवून उभे होतात. मी विचारलं, "हे काय करताय?" तुम्ही म्हणालात, "ऐकतोय." मला वाटलं, हा माणूस पोरीला शेंडी लावतोय. मग वर आलेल्या मातीचा गोळा तुम्ही चिमटीत घेतलात आणि सरळ तोंडात टाकलात! दातात फिरवून थुंकलात. "कचकच लागती. गाळ हाय, चिकणमाती न्हाई. लिवा." मी म्हटलं, प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. "नका लिवू," म्हणालात. आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. गाळच होता. तुम्ही नुसता तंबाखू मळत राहिलात. तंबाखू धरून निर्व्यसनी, असं पुढाऱ्याच्या हिशेबात बसत असावं.

पुढे मीही माती चाखायला शिकले. माझ्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी खाल्लीस तेव्हा मारलं होतं, आता पगार मिळतो होय त्याचा?" तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही दिवसभर हसत होतात.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. आपली कामं सगळी उघड्या माळावर नाहीतर नदीकाठी. तिथे बाईमाणसाची काय सोय असणार? पुरुष झुडपाआड जातात. पहिली दोन वर्षं मी सकाळपासून पाणी न पिता दिवस काढायचे. मग तुमची एक रीत सुरू झाली. नवीन जागी यंत्र उतरवलं की तुम्ही आधी जवळच्या वस्तीवर चक्कर मारून यायचात आणि मला म्हणायचात, "त्या निळ्या दाराच्या घरात वहिनी हायत. चहाला बोलावलंय तुम्हाला. जाऊन या." मी म्हणायचे, मला नको चहा. "बोलावलंय तर जावं म्याडम, वाईट दिसतंय." मी जायचे. त्या वहिनी चहा टाकण्याआधी परसाकडे बोट दाखवायच्या. हडपसर, खडकवासला, चाकण, जाऊ तिथे चहाला वहिनी! किती वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला की चहा हे निमित्त होतं. तुम्ही एका अक्षरानं कधी विषय काढला नाहीत, आणि मीही कधी आभार मानले नाहीत. कसे मानायचे असतात अशा गोष्टीचे आभार? पण मानायला हवे होते.

आणि ते तुमचं वावर. वाघोलीतली तुमची जमीन भावकीनं विकली, तिथे टॉवर उभे राहायचे होते, आणि जमीन तपासायचं काम फिरत फिरत आलं आपल्याकडेच. मी म्हटलं, दुसऱ्याला पाठवते, तुम्ही नका जाऊ. तुम्ही ऐकलं नाहीत. चार भोकं घेतलीत. पेट्या मांडून झाल्यावर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बापानं हितं जन्मभर जवारी घेतली. खाली दगड किती वर हाय, त्याला कधी कळलंच न्हाई. उगं नशिबाला बोल लावायचा." त्या दिवशी अहवालात मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवला. दुसरं काय करणार होते?

आता पूल.

काम एका सरकारी खात्याचं होतं. खात्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, इथे लिहीत नाही, त्यांचा त्यात काही दोष नव्हता. नदीत चार खांब उभे राहायचे होते आणि सातव्या नंबरचं भोक दुसऱ्या खांबाच्या जागी. सहा मीटरवर काळा पाषाण लागला. करारात लिहिलं होतं, कठीण दगडात सलग तीन मीटर जायचं आणि थांबायचं. मी स्वतः तिथे होते. गाभा असा निघत होता की कपाटात मांडून ठेवावा! एकही भेग नाही. सोमवारी अहवाल द्यायचा होता, यंत्र दुपारी दुसऱ्या कामावर न्यायचं होतं, तिथला मुकादम माझ्या फोनवर सारखा कोकलत होता.

नऊ मीटर भरत आले तेव्हा तुम्ही हात वर केलात. "म्याडम, पाणी तांबूस झालं."

भोक पाडताना वरून पाणी सोडतात, ते खालचा भुगा घेऊन वर येतं. इतका वेळ काळपट येत होतं. मी बघितलं. थोडं तांबूस होतं, नाही असं नाही. मी म्हटलं, "वरच्या मातीचं मिसळलं असेल."

"वर पाइप घातलाय की. वरचं कुठनं मिसळंल? आन् ह्ये बघा, शेवटच्या टप्प्याला गाभा चार बोटं कमी आला."

"तुकडा खालीच राहिला असेल."

"ऱ्हायला नसंल. इरघळला असंल. खाली तांबडी हाय म्याडम. अजून दीड मीटर जाऊ द्या."

आपल्या पुण्याच्या दगडात ही तांबडी मधूनमधून असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तुम्हाला हातातून. दोन भाकरींच्या मध्ये चटणीचा थर असावा तशी दोन काळ्या दगडांच्या मध्ये लाल मातीची पट्टी. कोरडी असेतो बरी, पाणी लागलं की सुटते. तिच्यावर खांब उभा करू नये. सगळं ठाऊक होतं मला. पण मी म्हणाले, "किसनराव, तीन मीटर झाले. करार पुरा झाला. यंत्र काढा."

"मग निदान लिवून तरी ठेवू. पाणी तांबूस."

"लिहू नका. उगाच प्रश्न येतील."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं. तुम्ही पेन खिशाला लावलंत आणि यंत्र काढायला घेतलंत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, फक्त अर्धं माहीत आहे. पायाचा खड्डा खणताना एका बाजूनं दगडाखालून लाल माती दिसू लागली. नशीब, खांब चढायच्या आधी दिसली. कुणाला इजा झाली नाही, पण काम थांबलं, पायाचा आराखडा बदलला, सगळं लांबलं. खात्यानं बैठक बोलावली. तुम्ही सातव्या भोकाच्या पेट्या टेम्पोत घालून घेऊन आला होतात, साहेबांना दाखवायला. मोठं टेबल, आठदहा माणसं. साहेबांनी मला विचारलं, "तांबडी इतक्या जवळ असताना परतीच्या पाण्याचा रंग बदलला नाही? नोंद का नाही?"

मी म्हणाले, "साइटवरून तशी नोंद आमच्याकडे आली नाही."

शब्द न् शब्द खरा होता. नोंद आली नव्हती. मीच करू दिली नव्हती. असं खरं बोलायला फक्त आम्हा शिकलेल्यांनाच जमतं.

तुम्ही दारात होतात. हातात पेटी होती. सगळ्यांनी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पेटी हळूच खाली ठेवलीत, आवाज न करता, आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिलात. मी वाट बघत होते. तुम्ही बोलाल, म्हणाल, ह्या बाईनंच सांगितलं लिवू नका म्हणून. बोलला असतात तर मी नाकारलं असतं का? चौदा वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. उत्तर माहीत आहे, म्हणून पुन्हा पुन्हा विचारते.

साहेब म्हणाले, "हा माणूस आमच्या कामावर पुन्हा दिसता कामा नये."

परत येताना आपण एकाच टेम्पोत होतो. तुम्ही, मी आणि मागे पेट्या. शनिवार पेठेत ऑफिसच्या दारात उतरून तुम्ही विचारलंत, "पेट्या आत ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. तुम्ही ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला आलात.

का आलात? मी असते तर तोंड बघितलं नसतं.

त्यानंतर सरकारी पूल, धरणं, रस्ते, सगळी मोठी कामं तुमच्यासाठी बंद झाली. एका खात्यानं नको म्हटलं की बाकीचे विचारतही नाहीत. तुम्हाला सोसायट्यांची, बंगल्यांची कामं राहिली. नदीतली भोकं घेणारा माणूस पार्किंगच्या जागेत यंत्र लावू लागला. धंद्यातले लोक तुम्हाला "तांबडे" म्हणायला लागले. "काय तांबडे, आज कुठं पूल पाडताय?" तुम्ही हसायचात. मी ऐकायचे आणि कागदात डोकं घालायचे.

आणि तेव्हापासून ते फोन सुरू झाले.

"म्याडम, हातात पेन हाय का?"

"आहे."

"तीन नंबरचं भोक. साडेचार मीटर. पाणी पिवळट. लिवा."

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

दर वेळी! रंग बदलला की फोन. मी लिहीपर्यंत थांबायचं, मी वाचून दाखवलं की "बरं" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. भाचीच्या लग्नात अक्षतांच्या आधी आला. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना आला. डॉक्टरांनी विचारलं, इमर्जन्सी आहे का? मी बोळा काढून म्हटलं, पाणी राखाडी झालंय. त्यांना वाटलं असेल, बाईला भूल चढली. ऑफिसातली मुलं सांगायची, मॅम, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. तुम्हाला फोटो नको होता. माझ्या हातानं लिहिलेलं आणि माझ्या तोंडानं वाचलेलं पाहिजे होतं.

मला वाटायचं, हा टोमणा आहे. रोज टोचायचा काटा. आम्ही पेठेतली माणसं, टोमणा आम्हाला चहाच्या वासासारखा ओळखू येतो. मी मनात म्हणायचे, मार बाबा, तुझा हक्क आहे. पण गेल्या दिवाळीनंतर एकदा माझा तोल सुटला. तुम्ही "वाचून दाखवा" म्हणालात आणि मी ओरडले, "किसनराव, किती वर्षं टोमणे मारणार आहात? एकदाच काय ते सुनावा आणि मोकळे व्हा!"

तिकडे यंत्राचा आवाज येत होता. तुम्ही कुणाला तरी ते बंद करायला सांगितलंत. मग म्हणालात, "टोमणा न्हाई वो म्याडम." आणि फोन बंद.

तेव्हा विचारायला हवं होतं, मग काय आहे? दुसऱ्या दिवशी तुम्ही समोर होतात. तिसऱ्या दिवशी होतात. सहा महिने समोर होतात, किसनराव! आपण चहा प्यालो, पेट्या लावल्या, तुम्ही गुडघ्याचं रडगाणं गायलंत. मी विचारलं नाही. शेवटचा फोन तुम्ही जायच्या दोन दिवस आधी आला. "पाणी पांढरट. लिवा." लिहिलं. वाचलं. "बरं." मग त्या सकाळी आंघोळ करून चहाचा कप हातात घेतलात आणि तसेच कलंडलात.

काल माइक ठेवून मी खाली बसले, लोक पांगले, तेव्हा रेखा माझ्याकडे चहा घेऊन आली. शाळेत शिकवते म्हणून आवाज एरवी खणखणीत, काल बसला होता. म्हणाली, "मॅडम, बाबा तुम्हाला फोन करून फार छळायचे ना?"

मी म्हटलं, छळायचे.

"मी एकदा भांडले होते त्यांच्याशी. म्हटलं, कशाला त्यांना दर वेळी वाचायला लावता, त्या काय तुमच्या विद्यार्थिनी आहेत? तर म्हणाले…" आणि ती तुमच्याच बोलीत बोलायला लागली, अगदी तुमच्यासारखी. "'लिवलेलं असलं म्हंजे बाईला पुन्यांदा खोटं बोलायची पाळी येत न्हाई. तिला सोसत न्हाई ते. त्या दिवशी टेम्पोत ती सारखी पेनाचं टोपण काढत-लावत बसली व्हती, मी बघितलंय.'"

मी चहाचा कप खाली ठेवला.

रेखा म्हणाली, "कसलं खोटं, ते नाही सांगितलं त्यांनी. विचारलं तर म्हणाले, जुनं हाय. तुम्हाला माहीत असेल." आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना पुलावरून जाताना अजून विनोद सुचतो. सावकाश घे, म्हणतात, व्याह्यांनी खालचं बघितलंय. बाबासुद्धा हसायचे त्याला. मला नाही हसता यायचं."

किसनराव, तेव्हाही मी बोलले नाही. पोर समोर बसलेली, दहा दिवसांची जागी, आणि मी म्हटलं, "चहा छान झालाय." मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

चौदा वर्षं मी समजत होते की तुम्ही मला रोज आठवण करून देताय. तुम्ही तर माझ्या हाताला धरून नेत होतात. मी तुमचं नाव घालवलं, आणि तुम्हाला चिंता कसली, तर मला पुन्हा तसं करावं लागू नये! अहो, असं कुणी वागतं का? चांगलं दोन शिव्या घालायच्या, काम सोडून जायचं. मला तुमचा राग येतोय. फार राग येतोय आणि तुम्ही नाही आहात.

आज सकाळी त्या खात्याच्या कार्यालयात गेले. रात्रीच पत्र लिहून ठेवलं होतं. आवक खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्म्यातून वाचलं.

"जुन्या अहवालातली दुरुस्ती? किती जुना?"

"चौदा वर्षं."

"पूल उभा आहे ना?"

"उभा आहे."

"मग आता दुरुस्ती कशाची?"

"माणसाची," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण शिक्का मारून पोच दिली. ऑफिसात मुलांनी विचारलं, मॅम, खात्याच्या पॅनलवरून काढलं आपल्याला, कामंच दिली नाहीत तर? काढतील कदाचित. तुम्हाला काढलं तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं नव्हतंत.

इथून वाघोलीला जाणार आहे, रेखाचे सासरेही तेराव्यापर्यंत तिथेच आहेत. हा लेख छापून यायला महिना लागेल, आणि रेखानं हे मासिकात वाचावं असं मला वाटत नाही. मी माझ्या तोंडानं वाचून दाखवणार आहे, तिला आणि तिच्या सासऱ्यांना. तुमच्या हाताखाली एवढं तरी शिकले. ती दार लावून घेईल. घेऊ दे. मी पायरीवर बसेन.

त्याआधी एकदा तुम्हाला वाचून दाखवते. सातव्या भोकाचा कागद काढलाय समोर, पिवळा पडलाय. शेरा लिहायची जागा चौदा वर्षं कोरी होती. आता भरली. पेन हातात आहे. तुम्ही लायनीवर थांबा.

"भोक क्रमांक सात. सहा मीटरवर काळा पाषाण. नऊ मीटरला पाणी तांबूस. गाभा चार बोटं कमी. अजून दीड मीटर जाऊ द्या, असं किसनराव म्हणाले. लिहू नका, असं मी म्हणाले."

वाचून झालं, किसनराव.